जाळ्यात मेले, वहीत आलेच नाहीत: मग माशांच्या साठ्याचा हिशोब लागतो कसा?

सागरगोटा

नमस्कार मंडळी,

मासेमारीवर काहीही वाचायला घेतलं की एक गोष्ट खटकते. 'अमुक देशानं यंदा इतके टन मासळी पकडली' या वाक्यातला आकडा बहुतेक वेळा पकडलेल्या मासळीचा नसतोच, धक्क्यावर उतरवलेल्या मासळीचा असतो. मधल्या वाटेत जे मरतं त्याचा पत्ता नाही. नको असलेली जात, कायद्यात बसत नाहीत अशी पिल्लं, कोटा संपलेली मासळी, नाहीतर नुसतीच कमी भावाची, सगळी समुद्रात परत टाकतात. तोवर त्यातली बरीचशी मेलेली असते. शिवाय जाळ्याच्या आसांतून, म्हणजे भोकांतून, निसटून नंतर मेलेले, गळावरून सुटून मेलेले, तुटून समुद्रातच राहिलेल्या जाळ्यांत अडकून मेलेले, ते वेगळेच.

अन्न व कृषी संघटनेचा, म्हणजे एफएओचा, २०१९ सालचा अंदाज असा की दर वर्षी साधारण ९१ लाख टन मासळी परत फेकली जाते. एकूण पकडीच्या जवळपास ११ टक्के. त्यातली ४६ टक्के एकट्या तळाच्या ट्रॉलची, म्हणजे समुद्रतळावरून ओढत नेलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांची. आणि हे फक्त फेकलेल्यांचं. निसटून मेलेले यात धरलेले नाहीत.

साठा टिकावा म्हणून शास्त्रज्ञ दर वर्षी 'इतकंच पकडा' असं ठरवून देतात. ज्या हिशोबात मेलेल्यांचीच नोंद अर्धवट, त्यातून निघालेल्या कोट्याला अर्थ काय? माझं मत विचाराल तर फेकण्यावर सरसकट बंदी हवी. जाळ्यात आलं ते धक्क्यावर आलंच पाहिजे.

मतं येऊ द्यात.

चहाटळ

पहिला! रुमाल टाकून ठेवतो, वाचून सावकाश लिहितो.

मधुरा_स

छान विषय. एक बाळबोध शंका: फेकलेली मासळी पक्षी आणि दुसरे मासे खातातच ना? मग वाया गेली असं कसं म्हणायचं?

सागरगोटा

@मधुरा_स, समुद्राच्या पोटातच गेली हे खरं. पण दोन वर्षांनी जी मादी लाखो अंडी घालणार होती ती गेली, आणि ती गेल्याचं कुणाच्या वहीत नाही. माझं दुखणं ते आहे.

आकडेमोड

'नोंद अर्धवट म्हणजे कोटा निरर्थक' इतकं हे सरळ नाही, म्हणून जरा पसरट लिहितो.

वर्षभरात मेलेले मासे गणितात दोन खात्यांत टाकतात. एक मासेमारीनं मेलेले आणि दुसरे आपसूक मेलेले, म्हणजे रोगानं, म्हातारपणानं, दुसऱ्यानं खाल्ल्यामुळं. हे दुसरं खातं प्रत्यक्ष मोजणं महाकर्मकठीण. म्हणून कॉडसारख्या माशांसाठी वर्षानुवर्षं ०.२ हा दर गृहीत धरत आलेत. म्हणजे एकही जाळं पडलं नाही तरी वर्षाला साधारण १८ टक्के मरणार. पहिलं खातं भरतात ते उतरवलेल्या मासळीवरून. नमुने घ्यायचे, कानातल्या हाडाची वलयं मोजून वय काढायचं, आणि कुठल्या वयाचे किती मेले याचा तक्ता मांडायचा.

आता समजा दर वर्षी १०० टन नोंदले गेले आणि २५ टन नोंद न होता मेले, आणि हे प्रमाण कायम तेच राहिलं. तर गणितातला साठा खऱ्यापेक्षा लहान दिसेल, पण तो वाढतोय की घटतोय हे बरोबर कळेल. कायम ठरावीक प्रमाणात कमी दाखवणाऱ्या वजनकाट्यासारखं: आकडा चुकीचा, पण माणूस बारीक होतोय की जाड ते समजतं. कोटाही त्याच चुकीच्या काट्यावर मोजून निघतो, त्यामुळं भागून जातं.

घोटाळा होतो तो प्रमाण बदललं की. साठा घसरला म्हणून कोटा १०० वरून ६० वर आणला. बोटी तितक्याच, जाळी तीच, समुद्रावर जाणं तितकंच. मरणारे १२५ चे १२५ च, फक्त आता ६० धक्क्यावर येतात आणि ६५ पाण्यात जातात. गणिताला वाटतं मासेमारीचा मार ४० टक्क्यांनी उतरला, आता साठा सावरणार. तीन-चार वर्षांनी सावरलेला साठा कुठं दिसत नाही. मग नवीन वर्षाची माहिती घातली की मागच्या सगळ्या वर्षांचे अंदाज खाली ओढावे लागतात, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हा घसरत जाणारा नमुना या धंद्यातल्या लोकांना चांगलाच ओळखीचा आहे. अमेरिकेतल्या मेनच्या आखातातल्या कॉडसाठी तर दोन मॉडेलं शेजारी शेजारी चालवली गेली. एकात आपसूक मरणाचा दर ०.२, दुसऱ्यात तो चढत चढत ०.४ पर्यंत नेलेला. मासे कुठंतरी नाहीसे होताहेत, पण कोणत्या खात्यात लिहायचे ते नक्की होईना.

थोडक्यात, सर्वांत मोठी चूक नेमकी साठा वाचवायला निघालेल्या वर्षीच होते.

चहाटळ

आकडेमोड, दंडवत. शाळेत गणित असं शिकवलं असतं तर आज मी हापिसात बसून धागे वाचत नसतो.

शंकासुर

सागरगोटा, 'सरसकट' या शब्दाला माझा ठाम विरोध. फेकलेलं सगळं मेलेलं असतं हे गृहीतच चूक. नॉर्वे लॉबस्टर, बरेच चपटे मासे, काही शार्क आणि पाकट धडधाकट परत जातात, विशेषतः जाळ्याची ओढ थोडाच वेळ केलेली असेल आणि डेकवर पटकन सोडले तर. जिवंत जाऊ शकणारा जीव केवळ नोंदीसाठी धक्क्यावर आणून मारायचा?

युरोपीय संघानं २०१३ च्या सुधारणेत सगळी पकड उतरवण्याची सक्ती आणली, २०१५ पासून टप्प्याटप्प्यानं, २०१९ मध्ये पूर्ण. त्यातही जगण्याची शक्यता जास्त असलेल्या जातींना सूट ठेवावी लागली. वर पाच टक्क्यांपर्यंत फेकायला 'किरकोळ' म्हणून मुभा. म्हणजे सरसकट बंदी प्रत्यक्षात सरसकट कधी नव्हतीच.

डेकवरचा

उत्तर अटलांटिकमध्ये ट्रॉलरवर निरीक्षक म्हणून काम केलंय, त्यामुळं राहवत नाही.

फेकणं म्हणजे कुणी टोपली उचलून समुद्रात ओततोय असं चित्र डोळ्यांपुढं असेल तर ते पुसा. मोठ्या ट्रॉलरवर जाळ्याची शेवटची पिशवी डेकवर येते, खालची गाठ सोडतात, आणि सगळी मासळी जमिनीतल्या झडपेतून खालच्या हौदात जाते. तिथून ती चालत्या पट्ट्यावर येते. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. हवं ते उचलून आपापल्या खणात टाकायचं. न उचललेलं पट्ट्याबरोबर पुढं सरकतं आणि बोटीच्या कुशीतल्या भोकातून पाण्यात. फेकण्यासाठी कुणालाही हात हलवावा लागत नाही, न उचलणं पुरतं. आणि उचलायचं की नाही हे ठरवायला मिळतो एखादा क्षण, रबरी हातमोज्यांत, पाय डुलत असताना.

निरीक्षक त्या भोकाच्या अलीकडं टोपली घेऊन उभा. ठरलेल्या वेळानं पट्ट्यावरचं सगळं टोपलीत घ्यायचं, जात लावायची, मोजपट्टीवर लांबी घ्यायची, वजन करायचं, मग तेवढ्यावरून अख्ख्या ओढीचा हिशोब. तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या कप्तानाच्या, वहीत त्याच ओढीपुढं 'दोन टोपल्या' किंवा नुसती रेघ. तो बदमाश असतो असं नाही. तो वर सुकाणूशी आहे, खालचा पट्टा त्यानं पाहिलेलाच नाही.

आणि महत्त्वाचं: निरीक्षक बोटीवर असला की बोट वेगळी वागते. पिल्लं जास्त लागतात त्या भागात जातच नाही, ओढी आखूड करते. बहुतेक ताफ्यांत निरीक्षक थोड्याच फेऱ्यांवर असतो. त्या फेऱ्यांचे आकडे बाकीच्यांना लावायचे म्हणजे काय होत असेल ते आकडेमोडच सांगतील.

आकडेमोड

सांगायला कशाला हवं, तुम्हीच सांगितलंत. नमुना लहान असण्यापेक्षा नमुना शहाण्यासारखा वागणं जास्त वाईट. लहान नमुन्यातली चूक नमुना वाढवून कमी होते. ही होत नाही.

कोपऱ्यातला

+१ डेकवरचा. असे प्रतिसाद वाचायलाच इथं येतो.

जाळीदार

आमचं काम जाळ्यांच्या रचनेचं, म्हणून फक्त 'निसटलेल्यां'बद्दल लिहितो. धाग्यात त्यांना कुणी हातच लावलेला नाही.

आस मोठी केली की पिल्लं बाहेर पडतात, वाचतात, सगळे खूश. पण बाहेर पडलेलं पिल्लू वाचलं कशावरून? हे तपासायला ट्रॉलच्या पिशवीवर बारीक आसाचं दुसरं आवरण चढवतात. निसटलेले मासे त्यात जमा होतात. मग ते आवरण पाण्यातच सोडवून घेऊन पिंजऱ्यासारखं तळाशी नांगरून ठेवतात आणि दिवसेंदिवस पाहतात. त्यात जातीजातीत जमीन-अस्मानाचा फरक निघाला. कॉड दणकट, निसटलेले बहुतेक जगतात. हेरिंग नाजूक, खवले गेले की संपला. बाल्टिक समुद्रात ट्रॉलमधून निसटलेले लहान हेरिंग मोठ्या प्रमाणात मेलेले आढळले.

म्हणजे हेरिंगसाठी आस मोठी करून नोंदलेले मृत्यू कमी झाले, न नोंदलेले वाढले, आणि कागदावर सुधारणा झाली! त्यापेक्षा मासा पिशवीत शिरून दमायच्या आधी त्याला वाट मिळावी म्हणून वरच्या बाजूला चौकोनी आसाची खिडकी, नाहीतर पुढंच जाळी-पट्ट्यांची चाळण बसवणं बरं. ओढीखाली नेहमीची तिरकी आस ताणून मिटते, चौकोनी उघडी राहते.

मधुरा_स

बापरे. मग पर्ससीनचं, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालून आवळायच्या जाळ्याचं, काय? त्यात तर मासे जिवंतच असतात ना शेवटपर्यंत?

जाळीदार

मधुराताई, तिथं तर आणखी फसवं प्रकरण. वेढा आवळत आणला आणि मासा लहान निघाला किंवा बोटीत मावणार नाही इतका निघाला, तर जाळ्याची कड खाली सोडून देतात. मासे पोहत जातात, डेकवर एकही नाही, सगळ्यांना वाटतं काही झालंच नाही. पण अटलांटिक मॅकरेलवर केलेल्या प्रयोगांत दाटीत धरून सोडलेले मासे पुढच्या काही दिवसांत ढिगानं मेले. दाटीत एकमेकांवर आणि जाळ्यावर घासून कातडी सोलवटते आणि प्राणवायू कमी पडतो. पोहत गेला म्हणजे वाचला नव्हे. म्हणून नॉर्वेत नियम असा की सोडायचंच असेल तर जाळं सात-अष्टमांश ओढून होण्याच्या आत सोडा, त्यानंतर नाही.

पाणबुड्या

खोल पाण्यातल्या गळाच्या मासेमारीचंही हेच. रेड स्नॅपरसारखा मासा खोलातून वर ओढला की दाब उतरतो, वाताशय म्हणजे पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात. परत टाकला की पाठीवर तरंगत राहतो. खाली जाताच येत नाही, वर पक्षी वाट बघतात. तोंडातून बाहेर आलेला तो फुगा सुईनं टोचून हवा काढणारे पाहिलेत. तो वाताशय नसतो हो, उलटं होऊन बाहेर आलेलं जठर असतं!

उपाय साधा आहे. वजन लावलेला चिमटा ओठाला अडकवून मासा पुन्हा खोल नेऊन सोडायचा. दाब वाढला की हवा आवळते आणि मासा आपला आपण निघून जातो. मेक्सिकोच्या आखाताच्या अमेरिकी भागात खडकाळ तळाचे मासे धरणाऱ्यांना असं साधन किंवा हवा काढायची योग्य सुई जवळ तयार ठेवणं २०२२ मध्ये सक्तीचं झालं.

चहाटळ

माशाला लिफ्टनं खाली सोडून यायचं. एवढी सेवा आमच्या सोसायटीत माणसांना मिळत नाही. (ह. घ्या.)

टिपणवही

आकड्यांबद्दल थोडी भर. एफएओच्या फेकलेल्या मासळीच्या अंदाजांचा प्रवास बघा: १९९४ साली २.७ कोटी टन, २००५ साली ७३ लाख टन, २०१९ साली ९१ लाख टन. पहिले दोन बघून 'व्वा, किती सुधारणा' म्हणायचा मोह होतो. पण मोजायच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळं ते एका रांगेत लावताच येत नाहीत. शिवाय पूर्वी फेकायची ती बारीक मासळी आता मत्स्यशेतीच्या खाद्यासाठी आणि कुटीसाठी उतरवली जाते. ती फेकलेली राहिली नाही, पण मेली तेवढीच. आणि उतरवली तरी 'इतर' अशा एकाच खात्यात, कुठल्या जातीची किती पिल्लं ते नाहीच.

दुसरं, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डॅनियल पॉली आणि डर्क झेलर यांनी २०१६ मध्ये जगभरची पकड नव्यानं जुळवून मांडली. त्यात फेकलेली, बेकायदा, छोट्या होड्यांची अशी सगळी धरली. १९९६ साली जगाची पकड शिखरावर होती तेव्हा अधिकृत आकडा ८.६ कोटी टन, यांचा १३ कोटी. त्यांच्या मते त्यानंतरची घसरणही सरकारी आकड्यांपेक्षा बरीच तीव्र. एफएओसह अनेकांनी त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. तो वाद वाचनीय आहे, पण 'नोंद नाही' म्हणजे 'शून्य' असं लिहिणं हाही एक अंदाजच आहे, आणि सर्वांत वाईट अंदाज आहे, हा त्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही.

रामराज्य

(प्रतिसाद काढून टाकला आहे)

कोपऱ्यातला

रामराज्य, काढलं ते बरं केलंत. मासळीच्या धाग्यात निवडणूक कुठून आली देव जाणे.

टिपणवही

अवांतर, पण खोट्या नोंदींचा विषय निघालाच आहे म्हणून. सोव्हिएत ताफ्यानं दक्षिण गोलार्धात मारलेल्या हंपबॅक देवमाशांचा, देवमाशांच्या शिकारीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाला दिलेला आकडा २,७०० च्या आसपास. प्रत्यक्षात ४८,००० हून जास्त. बोटीवरच्या काही जीवशास्त्रज्ञांनी खरे आकडे गुपचूप जपून ठेवले होते, ते सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९३ पासून बाहेर आले. तोवर सगळे मर्यादा ठरवत होते त्या खोट्या वहीवर.

आणि दक्षिणी ब्लूफिन ट्यूनाचं प्रकरण तर लिलावातल्या नोंदींवरून उघडकीला आलं. जपानच्या बाजारात विकलेला मासा कोट्यापेक्षा कितीतरी जास्त आहे असं २००६ च्या तपासणीत दिसलं, आणि जपानचा वार्षिक कोटा ६,०६५ टनांवरून ३,००० टनांवर आला. पकडणाऱ्यानं लिहिलं नाही तरी विकणाऱ्यानं लिहिलेलं असतं.

शंकासुर

टिपणवही, हे उत्तम. पण ही चोरी झाली. धाग्यातला मूळ प्रश्न चोरीचा नाही, कायदा पाळूनही होणाऱ्या मरणाचा आहे. किंबहुना कायदा पाळल्यामुळंच होणाऱ्या. कॉडचा कोटा संपला, हॅडॉकचा शिल्लक आहे, दोन्ही एकाच पाण्यात पोहतात. तांडेलानं करायचं काय? कॉड उतरवला तर गुन्हेगार, फेकला तर कायदेशीर. युरोपात वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. बंदी आल्यावर उलटा पेच: कॉड फेकायचा नाही, उतरवायला कोटा नाही, म्हणजे हॅडॉक शिल्लक असतानाही बोट बांधून घरी बसायचं. एका जातीनं सगळ्यांचा गळा आवळायचा. मग कोण कशाला खरं लिहील? बंदीनंतरही फेकणं सर्रास चालू आहे असं खुद्द युरोपीय आयोगाचेच अहवाल म्हणतात.

सागरगोटा

@शंकासुर, पण नॉर्वेत चाललं ना? १९८७ पासून कॉड आणि हॅडॉक फेकायला बंदी, पुढं बाकीच्या जातींची भर. म्हणजे बंदी अशक्य नाही.

डेकवरचा

नॉर्वेची बंदी एकटी नाही, तिच्याबरोबर बरंच काही आहे. एखाद्या भागात पिल्लांचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं की तो भाग लगेच बंद, सगळ्यांना कळवलं जातं, बोटींनी दुसरीकडं जायचं. आणि कोट्याबाहेरचा मासा आणला तर बोट गुन्हेगार ठरत नाही, मासा जप्त होतो पण किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम हातात पडते. हा आकडा फार विचार करून ठेवलेला आहे. फेकण्यापेक्षा आणणं परवडावं इतका, आणि मुद्दाम धरायला जावं इतका नाही. युरोपीय संघानं बंदी उचलली, तिच्याभोवतीचं हे सगळं तितकंसं उचललं नाही.

शिवाय त्यांच्याकडं जातींची सरमिसळ कमी. उत्तर समुद्रात एका ओढीत दहा-बारा जाती येतात, तिथं हेच जसंच्या तसं चालेल असं मला वाटत नाही.

मधुरा_स

आणि मी सुरुवातीला विचारलेल्या पक्ष्यांचं? त्यांचं फुकटचं जेवण गेलं ना!

पाणबुड्या

गेलं, आणि त्याचे चटके भलत्यांनाच बसले. ग्रेट स्कुआ नावाचा दांडगा समुद्रपक्षी फेकलेल्या मासळीवर पोसलेला होता. ती कमी झाली की तो दुसऱ्या समुद्रपक्ष्यांना मारून खायला लागतो, असं उत्तर समुद्राकडच्या अभ्यासात दिसलं. बंदीच्या विरोधात नाही हं, पण इतक्या वर्षांच्या सवयीचे हिशोब असे फिटतात.

चहाटळ

फुकट्यांचं असंच असतं. नावं घेत नाही.

वादळवाट

उशिरा आले धाग्यावर. न्यूफाउंडलंडचं नाव अजून निघालं नाही याचं आश्चर्य वाटलं. कॅनडानं २ जुलै १९९२ ला उत्तरेकडच्या कॉडची मासेमारी बंद केली, सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं. त्याआधी ऐंशीच्या दशकात बराच काळ साठा ठीक आहे असंच गणित सांगत होतं. ट्रॉलरांची पकड चांगली येत होती ना! उरलेला कॉड दाटीनं एकत्र राहायचा, ट्रॉलर यंत्रं लावून तो हुडकायचे, पकड टिकून, साठा आतून रिकामा. किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार 'मासा लहान येतोय, कमी येतोय' असं आधीपासून सांगत होते, पण ती काही आकडेवारी नव्हती. लहान कॉड फेकले जायचे हेही नंतरच्या अभ्यासांत पुढं आलं. तो तक्त्यात नसलेला लहान मासा म्हणजेच पुढच्या चार-पाच वर्षांची सगळी भिस्त. व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू झाली ती थेट २०२४ मध्ये, १८,००० टनांच्या मर्यादेनं, आणि तीही घाई झाली म्हणणारे आहेतच.

माझं मत: नोंद कमी होती हे अर्धंच. जी माहिती होती ती सोयीच्या बाजूनं वाचली गेली.

आकडेमोड

वादळवाट, सहमत. फक्त एक भर: कॉडची एखादी पिढी खूप मोठी निघाली की त्याच वर्षी फेकलेल्या पिल्लांची संख्या उसळते. उतरवलेल्या मासळीत त्यांचा मागमूस नाही. म्हणजे साठा सावरायची जी एक संधी असते, तीच गणिताला दिसायच्या आत खर्च होते.

जाळीदार

हरवलेल्या जाळ्यांवर कुणी लिहीत नाहीये म्हणून दोन ओळी. नायलॉन कुजत नाही. तुटलेलं गिलनेट (पाण्यात भिंतीसारखं उभं लावायचं जाळं) किंवा हरवलेला खेकड्यांचा सापळा धरतच राहतो. मेलेला जीव पुढच्याला आमिष. अलास्कात खेकड्यांच्या सापळ्याच्या एका बाजूची फट साध्या सुती दोऱ्यानं शिवायची सक्ती आहे. सापळा हरवला तर दोरा कुजतो आणि दार उघडतं. इतका स्वस्त नियम दुसरा मला माहीत नाही.

तिथलंच हॅलिबट या मोठ्या चपट्या माशाचं उदाहरण. पूर्वी सगळ्यांना मिळून एकच कोटा, त्यामुळं शर्यत. हंगाम आखडत आखडत वर्षाला एखाददुसऱ्या २४ तासांच्या खेपेवर आला. वादळ असो नसो, जो तो मिळेल तितक्या गळांच्या दोऱ्या टाकायचा, सगळ्या उचलायला वेळ पुरायचा नाही, उरलेल्या समुद्रात. त्यावर लागलेले हॅलिबट गेलेच. १९९५ ला प्रत्येकाला आपापला हिस्सा वाटून दिला, शर्यत संपली, सोडून दिलेल्या दोऱ्याही घटल्या. मृत्यू मोजण्यावर खर्च करण्याआधी कुठले मृत्यू नियमांनीच जन्माला घातलेत ते बघावं.

शंकासुर

'मृत्यू जन्माला घातले'! जाळीदार, कविता करा आता. मुद्दा मात्र पटला. फक्त हिस्से वाटून दिले की थोड्याच वर्षांत ते मोठ्यांच्या हातात जमा होतात, तो वेगळा धागा.

सागरगोटा

मग माझा पहिला प्रश्न तसाच उरतो. बोटीगणिक निरीक्षक परवडत नाही, असला तरी बोट सोंग घेते, बंदी घातली तर लपवतात, नाही घातली तर उघड फेकतात. कोटा ठरवायचा कशाच्या जोरावर?

आकडेमोड

कोटा उतरवण्यावर न ठेवता मरण्यावर ठेवायचा. बोटीच्या खात्यातून फेकलेलाही वजा व्हायला हवा, जगण्याची शक्यता असेल तर तेवढी सूट देऊन. शिवाय ज्या गोष्टीला मच्छीमाराची वही लागतच नाही ती मोजणी वेगळी चालू ठेवायची: संशोधन जहाजानं दर वर्षी ठरलेल्या जागी, ठरलेल्या जाळ्यानं, ठरलेला वेळ ओढ घ्यायची. पकडीचे आकडे आणि ही मोजणी एकमेकांपासून दूर जायला लागली की समजायचं, मधे कुठंतरी न लिहिलेलं मरण वाढलंय. किती ते नाही कळत, पण वाढलंय हे कळतं, आणि कोट्यात तेवढी जागा आधीच मोकळी सोडता येते.

डेकवरचा

हे कागदावरचं नाही, चालू असलेलं आहे. ब्रिटिश कोलंबियात तळाच्या माशांच्या ट्रॉलवर १९९६ मध्ये प्रत्येक फेरीला निरीक्षक आले आणि गळाच्या बोटींवर २००६ पासून प्रत्येक फेरीला कॅमेरे. खुबी कॅमेऱ्यात नाही, तपासायच्या पद्धतीत आहे. सगळं चित्रण कुणी बघत बसत नाही. त्यातला साधारण दहावा हिस्सा चिठ्ठी टाकल्यासारखा निवडतात आणि तांडेलाच्या वहीशी ताडून बघतात. जुळलं तर वहीच प्रमाण. नाही जुळलं तर अख्खं चित्रण तपासायचं आणि त्याचा खर्च बोटवाल्याच्या माथी. तेव्हापासून वही नीट लिहिणं हा तांडेलाच्याच फायद्याचा भाग झाला.

शंकासुर

आणि कॅमेऱ्याला जाती ओळखता येतात? रॉकफिशच्या डझनावारी जाती, निम्म्या लाल, निम्म्या जवळपास लाल. शिवाय बारा तास डेकवर कॅमेऱ्याखाली काम करायला तुम्ही तयार व्हाल का?

डेकवरचा

कॅमेरा गळावरून मासा येतो त्या कठड्यावर आणि वर्गवारीच्या जागेवर रोखलेला असतो, झोपायच्या जागेवर नाही. तरी कुरकुर झालीच, आणि ती रास्त होती. निरीक्षकाला जागा द्यायची, जेवू घालायचं, त्यापेक्षा हे बरं म्हणणारेही पुष्कळ निघाले.

जातींचं म्हणाल तर, नाही ओळखता येत. म्हणून त्या गळाच्या बोटींना सगळे रॉकफिश ठेवावेच लागतात, एकही फेकायचा नाही. तसेही ते खोलातून वर येताना फुगून मेलेलेच असतात, पाणबुड्यांनी वर लिहिलंय तसे. धक्क्यावर हातात घेऊन, काटे आणि जबडा बघून जात लावतात. हॅलिबट मात्र कठड्यालाच सोडता येतो. तिथं कॅमेऱ्याला फक्त एवढंच बघायचं असतं की कठड्यावर आखलेल्या रेघेपेक्षा तो लांब होता की आखूड.